हत्तीचा राब

फाल्गुन लागला की आमच्या खोऱ्यात धूर उभा राहतो. पोलादपूरहून कापड्याच्या एसटीत बसलं तर दोन्ही बाजूंच्या उतारांवर काळे चौकोन दिसतात, एखाद्यातून अजून पांढरी रेघ वर चाललेली असते. मुंबईची माणसं खिडकीतून विचारतात, वणवा लागलाय का? वणवा नाही, राब भाजतायत. भाताची रोपं जिथे करायची ती जागा पावसाआधी भाजून घ्यायची. तण मरतं, राख मातीत जाते, आणि पाऊस लागला की त्याच राखेत बी टाकायचं. सांगायला एवढंच आहे.

करायला अंग मोडतं. आधी झाडांची कवळं तोडायची, म्हणजे पानांसकट फांद्या. त्यांचे भारे डोक्यावरून आणायचे. भाऱ्यात लाल मुंग्या असतात, त्या मानेवरून आत उतरतात, आणि दोन्ही हात भाऱ्याला धरलेले असतात म्हणून चावून घ्यावं लागतं. मग शेतात शेण पसरायचं, त्यावर कवळ, त्यावर पाचोळा, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर, आग भडकू नये, सावकाश धुमसावी म्हणून. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. हातात हिरव्या फांद्या घेऊन चहूबाजूंनी उभं राहायचं आणि आग बांधाबाहेर निघाली की झोडपायची. दुपारपर्यंत डोळे लाल, थुंकी काळी. भाकरीलाही धुराची चव. सुक्या जवळ्याची चटणी असेल तर ती तेवढी धुरातून लागते.

लोक म्हणतात गावाकडच्या धुराचा वास किती छान. त्यांनी एकदा वारा जातो त्या बाजूला उभं राहावं. मला तो वास आवडत नाही, पण तो आल्याशिवाय वर्ष पुढे सरकल्यासारखं वाटत नाही हे खरं. आंब्याचा मोहर गळून बारीक कैऱ्या धरलेल्या असतात. ओढ्याचं पाणी पातळ होऊन दगडांच्या पोटाशी लपतं. पळस फुललेला असतो आणि त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. अशा दिवसांत मला एक हत्तीण आठवते. गावालाही तीच आठवते, पण गावाची आठवण वेगळी आणि माझी वेगळी. आजवर दोन्ही आपापल्या जागी राहिल्या होत्या. यंदा त्या समोरासमोर आल्या आणि माझं गावाशी वाकडं झालं.

झालं असं की माझा पुतण्या नरेश संध्याकाळी अंगणात येऊन बसला. नरेशचं हिरकणीवाडीला पिठलं-भाकरीचं दुकान आहे. रायगडावर रोपवेने जाणारी माणसं वर जाताना चहा घेतात आणि उतरल्यावर जेवतात. पोरगा कामाचा आहे. माझी औषधं तोच महाडहून आणतो, माझं छप्पर तोच शाकारतो. म्हणून त्याला मी चहा विचारला.

"काकी, आपलं शेत लागंल."

"कशाला?"

"हत्तीला."

"हत्ती आता भात लावणार काय?"

"तसं नाय गो. हत्तीचा राब करायचा, पूर्वीसारखा. खरा हत्ती आणून. गडावर येणारी माणसं नुसती गड बघून जातात. त्यांना इकडं आणू, राब दाखवू, हत्ती दाखवू, मग केळीच्या पानावर जेवण. आपल्या गावाच्या मुंबईच्या मंडळानं पण मान डोलवलीय."

"हत्ती कुठला?"

"घाटावर एकाकडं हाय. सर्कशीतली हत्तीण. सर्कस बसली, ही त्याच्याकडं राहिली. लग्नाबिग्नात पाठवतो तो. एकदम शिकलेली हाय, काकी. सोंड वर करून सलाम करते, हार घालते."

"आगीसमोर उभी करणार तिला?"

"लांबून गो. फोटोत धूर यावा एवढ्या अंतरावर."

मी म्हटलं, "शेत मिळणार नाय." आणि त्याच्या पुढ्यात चहा ठेवला. चहा तो प्यायला. त्याला वाटलं म्हातारी दोन दिवसांत वळेल.

गावात आता सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी सांगतात, की पूर्वी एका साली आमच्या शेतात राब पेटलेला असताना घाटातून एक हत्ती उतरला. त्याने आगीला सोंड उचलून नमस्कार केला, दोन पायांवर उभं राहून आशीर्वाद दिला, आणि त्या वर्षी भात असं आलं की कणग्या पुरल्या नाहीत. तेव्हापासून आमच्या गावात राब पेटवण्याआधी शेणाचा एक लहान हत्ती करून राबाच्या कडेला ठेवतात. सोंडेला गवताची काडी, डोळ्यांना दोन गुंजा. पोरीबाळी हौसेने करतात. आमच्या घरात मी तो कधी ठेवला नाही. सासू होती तोवर ती ठेवायची, तिच्यामागे बंद.

त्या साली मी शेतातच होते. लग्न होऊन मला फार दिवस झाले नव्हते. माझं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं, तिथे नदी रुंद आणि जमीन पसरट. इथे सगळं उभं. शेतं पायऱ्यांसारखी एकावर एक, बैल वळवायचा तर आधी विचार करावा लागतो. आमचं तेवढं एक शेत रस्त्याला लागून, सपाट आणि ऐसपैस, कडेला ओढा. त्यामुळे घाटातून जे काही खाली यायचं ते आमच्याकडे थांबायचं. मेंढरांचे कळप थांबायचे, वऱ्हाडाच्या गाड्या थांबायच्या. सासरे कोणाला नाही म्हणत नसत.

राब पेटवायच्या आदल्या दिवशी सर्कशीचे ट्रक गेले होते. सर्कस वाईकडून निघून महाडला चालली होती. ट्रकांवर ताडपत्र्या, पण वास ताडपत्रीखाली राहत नाही. मांसाचा, मुताचा, ओल्या गोणपाटाचा वास मागे रेंगाळला. एका ट्रकाची ताडपत्री वाऱ्याने उडालेली होती आणि गजांतून अस्वलाचं नाक बाहेर आलं होतं. ट्रक हलेल तसं ते नाक गजावर आपटत होतं, तरी ते आत घेत नव्हतं. आमच्या डोंगरात तेव्हा वाघ होता म्हणायचे, बिबट्या तर होताच. आमची वासरं त्याने नेलेली होती. पण त्या ताडपत्रीखालून जो आवाज आला तो आमच्या डोंगरातल्या जनावराचा नव्हता. खोकला झालेल्या म्हाताऱ्यासारखा तो आवाज होता. सासरे म्हणाले, "सिंव्ह हाय." आम्ही मान हलवली.

हत्तीण मागून चालत आली. घाटाच्या वळणांवर ट्रकात तिला उभं करणं जमेना म्हणून माहूत तिला चालवत घेऊन आला होता. उजाडताना ती आमच्या ओढ्यात उतरली, पाणी प्यायली, अंगावर उडवलं. तेवढा वेळ ती मला आवडली. मग माहुताने बांधावरच्या ऐनाच्या झाडाला तिचा पुढचा एक आणि मागचा एक पाय साखळीने बांधला आणि तो चहाच्या शोधात कापड्याकडे गेला. आमचा राब रचून तयार होता. वारा पडलेला होता. हत्तीण आहे म्हणून राब थांबवावा हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. बैल असतातच की बांधाला बांधलेले. ते धुराकडे पाठ करून रवंथ करत बसतात.

पेटवल्यावर थोड्या वेळाने वारा फिरला. सगळा धूर ऐनाकडे गेला. माती पातळ पडली होती त्या जागी आग भडकली आणि कमरेएवढी उभी राहिली. मी ऐनाच्या मागच्या अंगाला होते, हातात निरगुडीच्या फांद्या, कारण तिकडे आमची पेंढ्याची गंजी होती. बाकी सगळे समोरच्या बाजूला. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. त्यांना ती समोरून दिसली, मला मागून.

आधी तिने साखळी ओढली. ऐन हलला. दुसऱ्यांदा ओढली, साखळी मांसात रुतली. मग ती थांबली. इतकं मोठं जनावर एकदम थांबलं की आजूबाजूला आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. आणि मग तिने सोंड वर उचलून कपाळाला लावली. सलाम केला. मग पुढचा मोकळा पाय उचलला आणि तीन पायांवर उभी राहिली. मग साखळी पुरली तेवढी मागच्या पायांवर उठली, आमच्या ढेकळांत, सोंड वर, पोट आगीकडे. मग खाली आली, बसली, मान डोलावली, उठली. आणि पुन्हा पहिल्यापासून. सलाम, तीन पाय, दोन पाय, बसणं, डोलणं. माहूत तिथे नव्हता. कोणी सांगत नव्हतं. तिला जेवढं येत होतं तेवढं सगळं ती करून दाखवत होती.

समोरून गावाला नमस्कार दिसला. मागून मला तिच्या मांड्या दिसत होत्या, त्या थरथरत होत्या, आणि मूत पायावरून वाहत साखळीवर येत होतं.

लोक धावत आले. टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, "गणपती आला रे, गणपती!"

"गणपती कसला, सुळे कुठं हायत? बाय हाय ती," शेजारचा एकजण म्हणाला.

त्याला एका म्हाताऱ्याने गप्प केलं. "देवाला बाय काय नि बाप्या काय. हात जोड."

सासूबाई घरातून हळदकुंकू घेऊन आल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, ती भ्यालीय." त्या म्हणाल्या, "गप बस गो. कालची आलेली तू. अग्नीला नमस्कार करतोय गजराज, दिसत नाय?" आणि त्यांनी लांबूनच कुंकू उधळलं. टाळ्या वाढल्या तशी हत्तीण भराभर करायला लागली. माहूत पळत आला तेव्हा कुठे ते थांबलं. त्याने तिच्या आणि आगीच्या मध्ये उभं राहून तिचा कान धरला आणि तिच्याशी काहीतरी बोलत राहिला. मग वळून आम्हाला हिंदीत शिव्या दिल्या. आम्ही त्याला नारळ दिले, गूळ दिला. पोटापुढे रागाचं काय चालणार. त्याने गूळ घेतला आणि आधी तिला भरवला.

त्या वर्षी भात चांगलं झालं. पाऊस वेळेवर पडला होता, म्हणून झालं.

मी पुष्कळ वर्षं या गोष्टीचा विचार केला आहे, राब रचताना, राखेत बी टाकताना, लावणीत वाकलेली असताना. शेतातल्या कामात डोकं मोकळं असतं. मला काही जनावरांचा फार लळा नाही. माझ्या परसातली भाजी वानरं ओरबाडतात आणि मी त्यांना दगड मारते. नेम चुकला तर वाईट वाटतं. रानडुकरांनी नाचणी लोळवली तर मी त्यांना शिव्या देते त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण वानर दगड बघितला की उडी मारून डोंगरात जातं. त्याला जायला डोंगर आहे. भ्यालेलं जनावर पळतं, हा त्याचा हक्कच म्हणा ना. बिबट्यासुद्धा माणसांचा गलका झाला की पळतो. त्या हत्तिणीला पळता येईना, तेव्हा जे केल्यावर मार थांबतो असं तिला माहीत होतं ते तिने केलं. आगीने तिला मारू नये म्हणून ती आगीला खेळ दाखवत होती. आम्ही तो प्रसाद समजून घरी नेला.

दुसऱ्या वर्षीही सर्कस महाडला यायची होती. गावाने सर्कसवाल्यांना आधीच निरोप धाडला. माहूत तिला घेऊन ठरल्या वेळी आला. या खेपेला वारा फिरायची वाट बघावी लागली नाही, तिला समोर आणूनच उभं केलं. ढोल आणले होते. ती अर्ध्यावरच बुजली. माहुताने अंकुश कानामागे लावला, मग ती आली. दोन पायांवर उठली आणि मागचा पाय बांधाच्या कडेवर पडला. उन्हाने तडकलेला बांध तो. कड सुटली आणि ती पुढच्या गुडघ्यावर दगडावर आपटली. जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो, ओल्या लाकडासारखा.

गावाने काय म्हणावं? "साष्टांग घातला! साष्टांग!"

मी सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, तिचा पाय गेला. उठवा तिला, बंद करा हे." सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला हळद होती. ती माझ्या दातांना लागली.

मग आठवड्याभराने आम्ही सगळे महाडला सर्कस बघायला गेलो. मला जायचं नव्हतं, पण सून घरी बसून काय करणार, घरातल्या पोरांना कोण धरणार. तंबूत दिव्यांची झगमग, बँडचा दणका, भुईमुगाच्या टरफलांचा खच. सिंह स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. त्याची नजर आमच्यावर नव्हती, रिंगमास्तरवर नव्हती, कुठेच नव्हती. वाघ पिंजऱ्यात चालत होता. चार पावलं, वळण, चार पावलं, वळण. पुढे कितीतरी वर्षांनी पोलादपूरच्या दवाखान्यात मी एका माणसाला असं चालताना बघितलं, त्याचा मुलगा आत होता. अस्वल सायकलवर आलं. लोक हसले. मला गजातून आलेलं ते नाक दिसलं आणि मी मान खाली घातली.

हत्तीण लंगडत आली. गुडघ्याला काहीतरी काळं फासलं होतं. तिच्या मागोमाग एक विदूषक आला, तिच्यासारखाच लंगडत. ती एक पाऊल टाकी, तो एक पाऊल टाकी. तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. माझ्या शेजारची बाई हसता हसता डोळे पुसत होती. आमच्या गावची माणसं सगळ्यांना सांगत होती, ही आमची, आमच्या राबाची हत्तीण. मग तिने सलाम केला आणि दोन पायांवर उठायचा हुकूम झाला. ती उठली. दुखऱ्या पायाचा भार उतरला म्हणून असेल, वर ती जरा जास्त वेळ थांबली. खाली यायची तिची तयारी नव्हती. लोकांना वाटलं कमाल आहे.

पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही. सर्कस परत आली नाही. मेली असेल. बरी होऊन आणखी नाचली असेल, ते मरण्यापेक्षा बरं की वाईट, मी ठरवू शकत नाही.

मग सरकारने सर्कशीतले वाघ, सिंह, अस्वलं, माकडं बंद केली. माणसं हळहळली. आता सर्कशीत काय उरलं म्हणून अजून हळहळतात. कसरती करणारी माणसं उरली की, उंच झोपाळ्यावरून उडणारी, ती आपल्या मर्जीने उडतात आणि पडली तर त्यांना बोलता येतं. हत्ती मात्र बरीच वर्षं राहिले. हत्ती पाळीव धरतात म्हणे. पाळीव कोंबडी. तिचं अंडं माझ्या टोपलीत फुटतं आणि पिल्लू माझ्याच दाण्यावर वाढतं. रानातून खड्ड्यात पाडून आणलेलं, मारून नमवलेलं जनावर पाळीव कसं होईल? नमणं म्हणजे पाळीव होणं नव्हे. मी या घरात सून होते, मला तेवढं कळतं.

यंदा देवळात बैठक बसली. मुंबईहून मंडळाची माणसं आली होती. गावकीचा म्होरक्या माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा, मला वहिनी म्हणतो.

"वहिनी, गावाचा मान हाय हा. तुमच्या शेतातला मान."

मी म्हटलं, "मान गावाला आणि साखळी तिला. आधी पण तसंच झालं होतं."

एक मुंबईकर पोरगा हसून म्हणाला, "आजी, इमोशनल होऊ नका. तुम्ही बैल जुंपलात ना आयुष्यभर? त्याला नाय त्रास झाला?"

"झाला. मी त्याला काठीनं मारलाय पण. पण शेत नांगरलं गेलं, त्याची वैरण त्याला मिळाली आणि भात आम्हाला. ती दोन पायांवर उभी राहिली तर कुणाचं काय नांगरून होतं?"

"तुम्ही कोंबडी खाता ना?"

"खाते. मान मुरगळते आणि खाते. आधी तिला नाचवत नाय."

मागे बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. म्होरक्याने त्यांच्याकडे बघितल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या. नरेश माझ्या जवळ येऊन हळू म्हणाला, "काकी, कशाला गो. दुसऱ्याच्या शेतात ट्रक उतरायला जागा नाय. तू नाय म्हणालीस तर सगळंच बसलं. माणसांना शब्द दिलाय मी."

त्याचं तोंड बघून मला वाईट वाटलं. त्याला हत्तिणीचं वाईट करायचं नव्हतंच. त्याला गावात दोन माणसं आणायची होती, म्हणजे पोरांना पनवेल-मुंबई गाठायला नको. हे चांगलंच आहे. पण काम चांगलं असलं तरी ती भिणारच. मी त्याला म्हटलं, "माणसं आण. राब दाखव. कवळाचे भारे त्यांच्या डोक्यावर दे, मुंग्या चावू देत त्यांना, फोटो काढ. मी भाकऱ्या थापीन, फुकट. हत्ती नाय."

"राब बघायला कोण येतंय, काकी," तो म्हणाला.

म्होरक्या उठताना म्हणाला, "ठीक हाय वहिनी. तारीख ठरलीय, ती ठरलीय. शेत गावाचं पण हाय. आणि नसेल तर यंदा लावणीला तुमच्याकडं कोण येतं ते बघू." आमच्याकडे लावणी एकट्याने होत नाही. एक दिवस तुझ्याकडे, एक दिवस माझ्याकडे, असं सगळं गाव फिरतं. ज्याच्याकडे गाव येत नाही त्याचं शेत पडीक राहतं. मी म्हटलं, "नका येऊ." घरी येऊन मला रात्री जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू. मुलाचा पनवेलहून फोन आला, "आई, या वयात वैर कशाला?" मी विचारलं, "मग कुठल्या वयात घेऊ?"

ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी नरेश सकाळीच हिरकणीवाडीला गेला. माझा राब रचून झालेला होता. त्यानेच माणसं लावून रचून दिला होता, नेहमीपेक्षा उंच, कारण धूर चांगला दिसायला हवा होता. कोवळं ऊन होतं, पानही हलत नव्हतं. असा वारा पडलेला दिवस राबाला मिळावा लागतो. मी काड्याची पेटी घेतली, निरगुडीच्या फांद्या तोडल्या आणि खालच्या कोपऱ्यातून राब पेटवला.

माझे गुडघे आता वाकत नाहीत. एका बाजूची आग झोडपून दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत तिकडे पुढे गेलेली असते. खाली शेजारीण पार्वतीची गंजी. तिने धूर बघितला आणि हातात फांद्या घेऊन तरातरा वर आली. बैठकीत हीच मला म्हणाली होती, एका दिवसाचं तर हाय, जाऊ दे गो.

"जळून मरशील म्हातारे," ती ओरडली.

"मग तू कशाला आलीस?"

"तुझ्यासाठी नाय आले. माझी गंजी हाय खाली. तुझ्या बाजूनं हाय असं समजू नको." आणि तिने पदर खोचला, खालचा बांध धरला. दुपारपर्यंत ती तिच्या बांधावर, मी माझ्या. आग मात्र तिने माझ्यापेक्षा चांगली राखली. माती एकसारखी पडली होती, राब हळूहळू, नीट आतपर्यंत भाजला. असा भाजलेला राब मी खूप वर्षांत बघितला नव्हता. काळी राख, मधूनमधून पांढरी, वर गरम हवा थरथरत असलेली. यंदा रोप चांगलं होईल. लावायला माणसं येतील की नाही ते नंतर बघू. नाही आली तर जेवढं माझ्याने होईल तेवढं लावीन, बाकीचं गवताला देईन.

नरेशची मोटारसायकल रस्त्यावर थांबली. त्याने स्टँड लावला नाही, गाडी तशीच आडवी पडली. तो बांधावर येऊन राखेकडे बघत राहिला.

"काकी! काय केलंस गो हे?"

"राब भाजला."

"उद्या माणसं येणार हायत! बस ठरवलीय त्यांनी. मी त्यांना काय दाखवू?"

"जेवायला घाल त्यांना. मी सांगितलंय, भाकऱ्या माझ्याकडं."

"आणि हत्ती? त्याचं काय करू?" फोन त्याच्या हातातच होता. "आत्ताच फोन होता त्याचा. हत्तीण गाडीत चढवलीय त्यांनी. निघतायत."

पार्वती फांद्या खाली टाकून माझ्याकडे बघत होती. तिलाही ऐकायचं होतं मी काय म्हणते ते. मी फांदीने कडेची राख आत लोटली.

"चढवली असेल तर उतरव म्हणावं."